बोर्क यांच्या १४६ कॅसेट आणि गूगलचा काळा गोळा

आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली दोन-चार विषयांतरं मी काढलेली नाहीत, कारण तुमच्यातल्या काहींच्या मते भागात तीच बरी असतात.

सुरुवात करते २०१२च्या फेब्रुवारीपासून. 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने बातमी दिली की गूगल स्वतःच्या नावाने विकायचं घरगुती मनोरंजनाचं यंत्र बनवतंय. तोवर गूगल म्हणजे सर्च, जीमेल, यूट्यूब, नकाशे आणि दुसऱ्या कंपन्यांनी बनवलेल्या फोनमधलं अँड्रॉइड. आता ही कंपनी हॉलमध्ये, टीव्हीशेजारी येऊन बसणार होती. आणि ती कोणत्या मुहूर्तावर येत होती ते बघा. २४ जानेवारीला गूगलनं जाहीर केलं होतं की आमच्या साठाहून जास्त प्रायव्हसी पॉलिसी एकत्र करून १ मार्चपासून बहुतेक सेवांसाठी एकच पॉलिसी राहील. म्हणजे तुम्ही सर्चमध्ये काय शोधलं, यूट्यूबवर काय पाहिलं, जीमेलमध्ये काय चाललंय, हे सगळं एका खात्याखाली जोडता येईल. त्यात १७ फेब्रुवारीला आणखी एक बातमी फुटली. ॲपलच्या सफारी ब्राउझरमध्ये असा माग काढायला मनाई होती, ती वळसा घालून गूगल कुकी ठेवत होतं. त्याबद्दल ऑगस्टमध्ये फेडरल ट्रेड कमिशननं गूगलला २ कोटी २५ लाख डॉलरचा दंड केला.

तेव्हा लोकांनी विचारलेला प्रश्न साधा होता. जिची कमाई मुख्यतः जाहिरातींतून येते, त्या कंपनीला आपण घरात काय बघतो हे कळू द्यायचं का? प्रश्न नवा वाटत होता, पण अमेरिकेत तो त्याआधी पस्तीस वर्षं विचारला जात होता. म्हणून आधी मागे जाऊ.

१ डिसेंबर १९७७. ओहायो राज्यातलं कोलंबस शहर. वॉर्नर केबल या कंपनीनं तिथे 'क्यूब' नावाची सेवा सुरू केली. घरात एक पेटी यायची, मोठ्या कॅल्क्युलेटरसारखी, वायरनं जोडलेली. तीस चॅनल आणि कडेला पाच बटणं. ही पाच बटणं उत्तर द्यायला होती. टीव्हीवर प्रश्न यायचा आणि प्रेक्षक बटण दाबून मत द्यायचे. जुलै १९७९मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऊर्जा टंचाईवर भाषण केलं, ते संपताक्षणी एनबीसीनं कोलंबसमधल्या घरांचा कौल घेतला. एकदा तर स्थानिक फुटबॉल संघानं पुढची चाल कोणती खेळावी हेही प्रेक्षकांनी घरबसल्या ठरवलं. (आपल्याकडे त्या काळात संध्याकाळी दूरदर्शन लागायची वाट बघत लोक बसायचे, हे लक्षात घ्या म्हणजे क्यूब किती पुढे होतं ते कळेल.) निकलोडियन आणि एमटीव्ही या दोन्ही चॅनलची मुळं याच क्यूबमध्ये आहेत.

बटणाचं उत्तर कंपनीपर्यंत पोहोचायचं कसं? कंपनीचा संगणक दर सहा सेकंदांनी प्रत्येक घराला विचारायचा: टीव्ही चालू आहे का, कोणतं चॅनल आहे, कुठलं बटण दाबलं? विचारल्याशिवाय यंत्र चालणंच शक्य नव्हतं, कारण पैसे देऊन बघायच्या सिनेमाचं बिलही त्यातूनच बनायचं. मला या सगळ्या इतिहासात ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. इथे कुणी चोरून पाहत नव्हतं. सोय आणि नोंद ही एकाच तारेची दोन टोकं होती.

आणि एकदा नोंद झाली की ती मागणारा येतोच. कोलंबसमधल्या एका थिएटर मालकावर अश्लील सिनेमा दाखवल्याचा खटला झाला. त्याच्या वकिलानं डोकं लढवलं. तोच सिनेमा क्यूबवर लोकांनी घरात बघितलाय, मग शहराच्या नीतिमत्तेला धक्का बसला असं कसं म्हणता? त्यानं क्यूबच्या नोंदी कोर्टामार्फत मागवल्या. नावांसकट दिल्या असत्या तर कोलंबसमधल्या किती घरांत त्या रात्री जेवण गोड लागलं असतं कोण जाणे! न्यायाधीशांनी फक्त एकूण आकडा द्यायला सांगितलं, नावं नाहीत. वॉर्नरनं पुढे १९८१मध्ये स्वतःची आचारसंहिता केली आणि १९८४च्या केबल कायद्यात तरतूद आली की ग्राहकाची कोणती माहिती गोळा करतो ते केबल कंपनीनं त्याला सांगायचं आणि संमतीशिवाय ती कुणाला द्यायची नाही. क्यूब स्वतः मात्र तोट्यात गेलं आणि त्याच सुमारास गुंडाळलं गेलं.

कायदा झाला तो केबलपुरता. तेवढ्यात लोक व्हिडिओ कॅसेट भाड्यानं आणायला लागले होते.

इथे रॉबर्ट बोर्क येतात. १ जुलै १९८७ला रोनाल्ड रेगन यांनी त्यांचं नाव सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवलं. बोर्क मोठे कायदेपंडित होते आणि त्यांचं ठाम मत होतं की अमेरिकेच्या राज्यघटनेत खासगीपणाचा असा सर्वसाधारण हक्क कुठेही लिहिलेला नाही. कायद्यानं दिला असेल तेवढाच. या मतावरून सिनेटमध्ये रण पेटलेलं असताना 'वॉशिंग्टन सिटी पेपर' या साप्ताहिकाचा एक पत्रकार बोर्क ज्या व्हिडिओच्या दुकानात जायचे तिथे गेला. त्यानं यादी मागितली आणि दुकानातल्या माणसानं ती झेरॉक्स काढून दिली. सही नाही, अर्ज नाही, काही नाही. २५ सप्टेंबरला छापून आलं: बोर्क कुटुंबानं आणलेल्या १४६ कॅसेट.

यादीत काय सापडलं? हिचकॉक, मार्क्स बंधू, असलेच सिनेमे. एखाद्या निवृत्त मास्तरांच्या घरी सापडावेत असे. एकही आंबटशौकी कॅसेट नाही. म्हणजे बोर्क यांचं तसं काहीच बिघडलं नाही; २३ ऑक्टोबरला सिनेटनं त्यांना ५८ विरुद्ध ४२ मतांनी नाकारलं ते इतर कारणांनी. पण यादी छापून आली त्या दिवशी वॉशिंग्टनमधल्या प्रत्येक खासदाराला आपापलं व्हिडिओचं दुकान आठवलं असणार. आपल्याकडेही नव्वदच्या दशकात व्हिडिओ लायब्ररी होत्या. गल्लीत कोण कोणती कॅसेट नेतो हे त्या काउंटरवरच्या माणसाइतकं कुणालाच ठाऊक नसायचं, आणि त्याच्या वहीबद्दल कुणाला कधी फिकीर वाटल्याचं मी ऐकलेलं नाही.

पॅट्रिक लेही या सिनेटरनी बोर्क यांच्या विरोधात मत दिलं होतं. तरीही त्यांच्या खासगीपणासाठी विधेयक आणण्यात पुढाकार त्यांचाच. मूळ मसुद्यात ग्रंथालयातल्या नोंदींनाही संरक्षण होतं. म्हणजे तुम्ही कोणती पुस्तकं वाचता तेही गुप्त. तो भाग तपास यंत्रणांच्या आक्षेपांमुळे गळला. सिनेमा राहिला, पुस्तक गेलं. ५ नोव्हेंबर १९८८ला रेगन यांनी सही केली. काँग्रेसला एरवी वर्षानुवर्षं लागतात. इथे यादी छापल्यापासून सव्वा वर्षाच्या आत कायदा तयार! व्हिडिओ भाड्यानं देणाऱ्यानं ग्राहकाची यादी फोडली तर ग्राहक थेट कोर्टात जाऊ शकतो आणि माणशी किमान २,५०० डॉलर मागू शकतो. हा आकडा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

माझं या कायद्याबद्दलचं मत जरा तिखट आहे. तो चांगला आहे, पण तो झाला कारण भीती सत्तेत बसलेल्यांच्या घरात शिरली. आणि म्हणूनच त्यानं घातलेलं कुंपण त्या भीतीच्या आकाराचं होतं. यादी फोडणारा दुकानदार त्यात नीट बसतो. यादी स्वतःकडेच ठेवून तिच्यावर जाहिरात विकणारा तितका बसत नाही. कायद्याच्या व्याख्येत व्हिडिओ कॅसेटच्या पुढे 'किंवा तत्सम दृक्‌श्राव्य सामग्री' असे चार शब्द कुणीतरी शहाणपणानं घातले होते, त्यांच्या जोरावर २०१२मध्ये हुलूसारख्या ऑनलाइन सेवेलाही कॅलिफोर्नियातल्या कोर्टानं त्या कक्षेत आणलं. पण लगेच जानेवारी २०१३मध्ये दुरुस्ती झाली. ग्राहकाची संमती आता ऑनलाइन, एकदाच, दोन वर्षांपर्यंतची घेता येऊ लागली. ही दुरुस्ती नेटफ्लिक्सला हवी होती, कारण कोण काय बघतंय ते फेसबुकवर दाखवायचं होतं.

मधल्या काळातला एक प्रसंग भरभर सांगते. टीवो नावाचं रेकॉर्डिंगचं यंत्र होतं. १ फेब्रुवारी २००४ला सुपर बोलच्या मध्यंतरात जॅनेट जॅक्सनचा तो प्रसिद्ध प्रसंग घडला आणि दुसऱ्या दिवशी टीवोनं मोठ्या कौतुकानं सांगितलं की आमच्या ग्राहकांनी हा क्षण आजवर सगळ्यात जास्त वेळा मागे नेऊन पाहिला. आकडे नावांशिवायचे होते. पण लोक चपापले. रिमोटवरचं मागे जायचं बटण आपण दाबलं, हे यांना कसं कळलं?

आता परत गूगलकडे.

टीव्हीत शिरण्याचा त्यांचा पहिला प्रयत्न २०१०चा, 'गूगल टीव्ही'. सोनी आणि लॉजिटेकनं यंत्रं बनवली. लॉजिटेकचं यंत्र २९९ डॉलरला होतं. ते इतकं आपटलं की कंपनीच्या प्रमुखांनी पुढच्याच वर्षी ती चूक होती असं जाहीर कबूल केलं आणि १० कोटी डॉलरहून जास्त नफा बुडाल्याचं सांगितलं. दुसरा प्रयत्न म्हणजेच फेब्रुवारी २०१२च्या बातमीतलं यंत्र. २७ जून २०१२ला ते बाहेर आलं: नेक्सस क्यू. काळा चकचकीत गोळा, मधोमध दिव्यांचं कडं, आत २५ वॉटचा ॲम्प्लिफायर, अमेरिकेतच बनवलेला. किंमत पुन्हा २९९ डॉलर. दिसायला देखणा, पण काम काय तर गूगलच्याच सेवांतली गाणी, सिनेमे आणि यूट्यूब टीव्हीवर आणायचं, तेही अँड्रॉइड हातात असेल तरच. महिनाभरात विक्री पुढे ढकलली आणि ज्यांनी आधी नोंदणी केली होती त्यांना गोळा फुकट पाठवून दिला. दुकानात तो नीट कधी आलाच नाही.

तिसरा प्रयत्न २४ जुलै २०१३. क्रोमकास्ट. अंगठ्याएवढं यंत्र, टीव्हीच्या मागे खुपसायचं, फोनवरून चालवायचं. किंमत ३५ डॉलर. सोबत तीन महिने नेटफ्लिक्स मोफत. मागणी एवढी आली की ही भेट एका दिवसात मागे घ्यावी लागली.

याच उन्हाळ्यात शेजारी काय चाललं होतं ते बघण्यासारखं आहे. २१ मे २०१३ला मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्स वन जाहीर केला. सोबत किनेक्ट हा कॅमेरा आणि माइक, आणि तो जोडलेला असल्याशिवाय एक्सबॉक्स चालणार नाही अशी अट. पंधरा दिवसांत एडवर्ड स्नोडेन यांनी फोडलेली कागदपत्रं छापून आली आणि अमेरिकेच्या 'प्रिझम' या पाळत कार्यक्रमात मायक्रोसॉफ्टचं नाव दिसलं. गूगलचंही होतं. पण संताप झाला तो किनेक्टवर. ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टनं अट मागे घेतली आणि पुढच्या जूनमध्ये किनेक्टशिवायचा एक्सबॉक्स ३९९ डॉलरला, म्हणजे शंभर डॉलर कमी किमतीत, विकायला काढला.

क्रोमकास्टवर असा गदारोळ झाला नाही. न्यायानं बोलायचं तर त्यात ना कॅमेरा होता ना माइक. पण मला वाटतं खरं कारण वेगळं आहे. किनेक्टचा डोळा टीव्हीखाली बसून तुमच्याकडे बघताना दिसायचा. क्रोमकास्ट टीव्हीमागे दिसेनासा व्हायचा. आणि त्याला पाहायची गरजही नव्हती; १ मार्च २०१२च्या पॉलिसीनं यूट्यूबवरचं बघणं आणि बाकीचं सगळं आधीच एका खात्यात जोडून ठेवलं होतं. त्या पॉलिसीबद्दल युरोपातल्या नियामकांनी बराच काळ गूगलशी वाद घातला. शेवटी जानेवारी २०१४मध्ये फ्रान्सच्या नियामकानं दंड केला, त्यांच्या कायद्यात बसणारा जास्तीत जास्त: दीड लाख युरो. आणि दोन दिवस गूगलच्या फ्रेंच मुखपृष्ठावर ही शिक्षा झाल्याची सूचना लावायला सांगितलं. दीड लाख युरो म्हणजे गूगलच्या हिशेबात चहापाण्याचा खर्च. सूचना तरी चार लोकांनी वाचली असेल.

त्याच महिन्यात, १३ जानेवारी २०१४ला, गूगलनं नेस्ट ही कंपनी ३२० कोटी डॉलरला घेतली. नेस्ट म्हणजे घराचं तापमान आपोआप सांभाळणारा थर्मोस्टॅट. ॲपलमधून बाहेर पडलेल्या टोनी फॅडेल आणि मॅट रॉजर्स यांची कंपनी. घरात माणसं आहेत की नाहीत, हे त्या यंत्राला कळतं. त्याशिवाय तो काम कसं करणार? क्यूबची सहा सेकंदांची विचारणा आठवते का? तीच गोष्ट. नेस्टनं ग्राहकांना लगेच सांगितलं की आमच्या पॉलिसीप्रमाणे माहिती फक्त नेस्टची उत्पादनं आणि सेवा चालवायला आणि सुधारायला वापरली जाईल. गंमत अशी की सौद्याच्या तीनेक आठवडे आधीच, डिसेंबर २०१३मध्ये, गूगलनं अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाला पत्र लिहिलं होतं. त्यात म्हटलं होतं की काही वर्षांत आम्ही आणि इतर कंपन्या फ्रिज, गाडीचा डॅशबोर्ड, थर्मोस्टॅट, चष्मे आणि घड्याळं यांवर जाहिराती दाखवत असू. मे २०१४मध्ये पत्र उघड झालं तेव्हा गूगलनं खुलासा केला की हा आमचा प्रत्यक्ष आराखडा नाही.

नेस्टचं वचन खोटं होतं असं मी म्हणणार नाही. ते वचन एका वेगळ्या कंपनीचं होतं आणि ती कंपनी वेगळी होती तोवर टिकलं. २०१८मध्ये नेस्ट गूगलच्या यंत्र विभागात विलीन झाली. २०१९मध्ये नेस्टची जुनी खाती बंद करत ग्राहकांना गूगल खात्याकडे वळवायला सुरुवात झाली. त्याच वेळी गूगलनं नवं वचन दिलं: घरातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण, आवाजाची रेकॉर्डिंग आणि सेन्सरच्या नोंदी जाहिरातींपासून वेगळ्या ठेवू. पण असिस्टंटशी तुम्ही जे बोलता, त्या शब्दांवरून तुमच्या आवडीनिवडी ठरवून जाहिरात दाखवली जाऊ शकते. रेकॉर्डिंग वेगळं, शब्द वेगळे. ही फोड समजायला मला ते पान दोनदा वाचावं लागलं.

आणि त्याच २०१९च्या फेब्रुवारीत नेस्ट गार्डचं प्रकरण झालं. घरफोडीची सूचना देणारी ही पेटी लोकांनी वर्ष-दीड वर्ष आधी घेऊन ठेवलेली. गूगलनं आनंदानं सांगितलं की आता या पेटीशी बोलता येईल, असिस्टंट त्यातही आलाय. लोक म्हणाले, बोलता येईल म्हणजे? यात माइक आहे? होता. पहिल्यापासून होता. खोक्यावरच्या आणि साइटवरच्या तांत्रिक माहितीत तो नोंदवलेलाच नव्हता. गूगलचं उत्तर: लपवायचा हेतू नव्हता, नोंदवायचं राहून गेलं, आणि माइक आजवर चालू केलेला नाही. मान्य करू. पण घर सुरक्षित ठेवायला घेतलेल्या वस्तूत काय आहे हे घरमालकाला शेवटी कळावं, याला काय म्हणायचं? त्याच वर्षी जुलैमध्ये बेल्जियममधल्या व्हीआरटी या सार्वजनिक वाहिनीनं गूगल असिस्टंटची हजाराहून जास्त रेकॉर्डिंग ऐकली, कंत्राटदारांची माणसं लिहून काढण्यासाठी ऐकत होती तीच. त्यातली १५३ मुळात व्हायलाच नको होती. कुणीही 'ओके गूगल' म्हटलं नव्हतं. घरातली बोलणी होती ती.

आता तो २,५०० डॉलरचा आकडा काढा.

६ फेब्रुवारी २०१७ला फेडरल ट्रेड कमिशन आणि न्यू जर्सी राज्यानं व्हिझिओ या टीव्ही कंपनीशी तडजोड केली. २०१४पासून १ कोटी १० लाख टीव्ही पडद्यावर काय चाललंय त्याची सेकंदासेकंदाला नोंद पाठवत होते. केबल असो, डीव्हीडी असो, काहीही. जुन्या टीव्हींमध्येही ही सोय मागाहून, दुरूनच घातली गेली. मग त्या घराचं वय, उत्पन्न, शिक्षण, लग्न झालंय का, घर स्वतःचं आहे का, अशी माहिती त्याला जोडता येत होती. मेन्यूत या सगळ्याचं नाव होतं 'स्मार्ट इंटरॅक्टिव्हिटी' आणि खाली लिहिलं होतं की यामुळे कार्यक्रमांच्या सूचना मिळतील. बहुतेक ग्राहकांना दोन वर्षांत एकही सूचना मिळाली नव्हती. तडजोडीची रक्कम २२ लाख डॉलर. टीव्हीमागे वीस सेंट. बोर्क यांच्या नावाचा कायदा ग्राहकानं स्वतः दावा लावण्यासाठी आहे, त्यामुळे कमिशनच्या तक्रारीत तो नव्हता. ग्राहकांचा वेगळा सामुदायिक दावा नंतर १ कोटी ७० लाख डॉलरवर मिटला. तो धरला तरी टीव्हीमागे डॉलरभर येतो.

२०२४ साली ऑगस्टमध्ये गूगलनं क्रोमकास्ट बंद केला. तोवर १० कोटींहून जास्त विकले गेले होते. त्याच्या जागी शंभर डॉलरचा नवा डबा आला, ज्याच्या पहिल्या पडद्यावर शिफारशींबरोबर जाहिरातीही असतात. आणि डिसेंबरमध्ये वॉलमार्टनं व्हिझिओ कंपनी विकत घेतली, २३० कोटी डॉलरला. कशासाठी, हे त्यांनी सौद्याच्या घोषणेतच सांगून टाकलं होतं: व्हिझिओचा जाहिरातींचा धंदा आपल्या जाहिरातींच्या धंद्याला जोडायचा होता.

आज इथे थांबते. तुमच्या टीव्हीच्या सेटिंगमध्ये हा प्रकार कोणत्या नावानं दडलाय ते सापडलं तर कळवा. नावं जमवतेय मी. भेटू पुढच्या भागात.